तब्येत बरी आहे, दातांचं सोडा

आपल्याकडं माणूस भेटला की सलामानंतरचा पहिला प्रश्न तब्येतीचा असतो. "तबियत कैसी है?" म्हटलं की "अल्ला का शुकर है" हे उत्तर ठरलेलं. मग जरा आग्रहानं विचारलं तर एकेक गोष्ट बाहेर येते. शुगर वाढली आहे, गुडघे धरतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलं आहे, रात्री झोप लागत नाही. हे सगळं तब्येतीत येतं. दात मात्र येत नाहीत. गाल सुजलेला दिसत असतो, माणूस एका बाजूनं चावत असतो, तरी विचारलं तर म्हणतो, "तबियत ठीक है, दातां का छोड." जणू दात हे अंगाला बाहेरून लावलेलं काहीतरी आहे. चप्पल झिजावी तसे ते झिजतात, तुटतात, आणि त्याबद्दल कुणी आजारी पडत नाही.

हे मला ठळकपणे कळलं ते २०१८ साली. आमच्या मोहल्ल्यात एका दंत महाविद्यालयाच्या मुलामुलींनी तपासणी शिबिर घेतलं होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. अक्षर बरं आणि घराघरातल्या बायका ओळखीच्या, म्हणून फॉर्म भरायचं काम माझ्याकडं आलं. फॉर्मच्या सुरुवातीलाच दोन प्रश्न होते. तुमची एकूण तब्येत कशी आहे? तुमच्या दातांचं आणि तोंडाचं आरोग्य कसं आहे? दोन्हींपुढं पाच-पाच चौकटी: उत्तम, चांगलं, ठीक, वाईट, फार वाईट. तपासणी नंतर, आधी माणसाला स्वतःला काय वाटतं ते लिहायचं.

पहिल्या प्रश्नावर लोक विचार करायचे. दुसऱ्या प्रश्नावर हसायचे. यंत्रमागावर उभी हयात काढलेले एक चाचा होते, तोंडात मोजून चार दात. ते म्हणाले, "लिख, चांगले." मी वर पाहिलं तर म्हणाले, "चार है, चारो दुखते नहीं." त्यांच्या तर्कात मला खोट काढता येईना. जे दुखत नाही ते चांगलं, ही आपल्याकडची आरोग्याची सर्वमान्य व्याख्या आहे. त्यांच्या पाठोपाठ एक पस्तिशीची बाई आली, बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत. तिनं दातांपुढं "वाईट" लिहायला सांगितलं आणि तब्येतीपुढंही "वाईट". ब्रश केला की रक्त येतं, तोंडाला वास येतो, म्हणून नवऱ्याशी बोलताना तोंड फिरवते, असं तिनं हळू आवाजात सांगितलं. वर्षभरापूर्वी तिला शुगर निघाली होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे तिला तोवर कुणीही सांगितलं नव्हतं.

संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. रक्तातली साखर वाढलेली राहिली की हिरड्यांचा जंतुसंसर्ग बळावतो. आणि हिरड्यांत सतत धुमसणारी सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीन महिन्यांच्या साखरेची जी तपासणी करतात तिचा आकडा तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४ च्या आसपास खाली येतो, असं अनेक चाचण्या एकत्र तपासून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात दिसलं. आकडा लहान वाटतो. पण त्यासाठी लोक गोळी वाढवून घेतात, हे लक्षात घेतलं तर लहान नाही.

शिबिरातले ते दोन प्रश्न मला सुरुवातीला पोरखेळ वाटले होते. डॉक्टर तोंडात बघणारच आहेत, मग माणसाला काय वाटतं ते कशाला विचारायचं? फॉर्म गोळा करणाऱ्या मुलीनं सांगितलं, मग मी पुढं थोडं वाचलं. "तुमची तब्येत एकूण कशी आहे?" हा एवढासा प्रश्न जगभर विचारला जातो आणि त्याचं उत्तर फार बोलकं असतं. एलेन आयड्लर आणि याएल बेन्यामिनी या दोघींनी १९९७ साली अशा २७ अभ्यासांचा आढावा घेतला. स्वतःची तब्येत वाईट सांगणारी माणसं पुढच्या काही वर्षांत दगावण्याचं प्रमाण जास्त होतं. आणि त्यांचे नोंदलेले आजार, वय, सवयी हे सगळं हिशेबात धरल्यावरही बहुतेक अभ्यासांत हा फरक उरत होता. म्हणजे माणसाला स्वतःच्या देहाबद्दल असं काही कळत असतं जे तपासणीच्या कागदावर उमटत नाही.

दातांच्या बाबतीत असाच प्रयत्न अमेरिकेत १९९० साली झाला. अ‍ॅचिसन आणि डोलन यांनी वृद्धांसाठी १२ प्रश्नांची यादी केली. त्यात किती दात किडले, किती पडले, हे विचारलेलंच नाही. खाणं कमी करावं लागतं का, घट्ट पदार्थ चावता येतो का, बोलायला अडचण होते का, चारचौघांत खायला संकोच वाटतो का, दातांमुळं लोकांत मिसळणं टाळता का, असे प्रश्न. वाचताना मला वाटलं, हे कुणीतरी माझ्या फुफीला समोर बसवून लिहिलं आहे.

पुढं वेगवेगळ्या देशांत तब्येतीचा आणि तोंडाचा असे दोन्ही प्रश्न एकत्र विचारले गेले. कल साधारण एकच दिसतो. तोंड वाईट आहे म्हणणारा तब्येतही वाईट सांगण्याची शक्यता जास्त. पण ही गाठ घट्ट नाही. दंतवैद्य मोजतो त्या किडीशी माणसाच्या मताचा मेळ कमी बसतो. चावता येणं, दुखणं, हसता येणं याच्याशी जास्त बसतो. म्हातारी माणसं तर चार दातांवरही खूश असतात, कारण त्यांच्या बरोबरीच्यांच्या तोंडात दोनच उरलेले असतात आणि म्हातारपणी दात जाणारच हे त्यांनी आधीच मान्य केलेलं असतं. जपानमध्ये १९८९ साली "८०-२०" नावाची मोहीम सुरू झाली: वयाच्या ८० व्या वर्षी २० दात तोंडात असावेत. आमच्या मोहल्ल्यात हे सांगितलं तर लोक म्हणतील, ८० वर्षं द्या, दात तुम्ही ठेवा.

आता फुफीबद्दल.

माझी फुफी लहान वयात बेवा झाली. मूलबाळ नाही. अब्बांनी तिला माहेरी आणलं, आणि तेव्हापासून असरच्या नमाजानंतर आमच्या ओसरीवर मोहल्ल्यातल्या मुलींना कुरआन पढवणं हे तिचं काम झालं. पैसे ठरवून कधी घेतले नाहीत. कुणी गहू आणून द्यायचं, कुणी ईदीला साडी. तीन पिढ्या तिच्याकडं शिकल्या. आई, तिची मुलगी, मुलीची मुलगी. शाळेत मी बाई होते, पण गावात खरी उस्तानी तीच. उच्चाराबाबत भारी कडक. अरबीत प्रत्येक अक्षराचं एक ठिकाण असतं, त्याला मखरज म्हणतात. "से", "जाल" आणि "जोय" ही तीन अक्षरं जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला लागल्याशिवाय नीट निघत नाहीत. आणि "फे"साठी वरच्या दातांची कड खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला टेकावी लागते. फुफी लहान मुलींना आरसा धरून हे दाखवायची.

साठीनंतर तिचे दात हलायला लागले. वरचे पुढचे चार दोन वर्षांत गेले. एक भाकरी खाताना, एक नुसताच बोलताना. आमच्या सोलापूर भागात ज्वारीची कडक भाकरी खातात, पापडासारखी मोडते ती. फुफी ती आधी मोडून खायला लागली, मग आमटीत भिजवून, मग खाणंच सोडलं. चहात पाव बुडवून दोन वेळा काढायची. मटण पानात पडलं तर लेकरांना वाटून टाकायची. सगळ्यांना वाटायचं, बाईचा जीव मोठा.

आणि मग एक दिवस तिनं पढवणं बंद केलं. मुलींना सांगितलं, तबियत ठीक नहीं. घरात सांगितलं, कमजोरी आहे, चक्कर येते. माझा भाऊ तिला दवाखान्यात घेऊन गेला. रक्त कमी निघालं, बीपी ठीक, शुगर नाही. टॉनिक दिलं, दोनदा सलाईन लावलं. सलाईन लावल्यावर आपल्याकडं माणसाला दोन दिवस बरं वाटतंच. तिसऱ्या दिवशी पुन्हा खाटेवर. सहा महिन्यांत तिला तीन डॉक्टरांनी तपासलं. नाडी पाहिली, छाती पाहिली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. तोंड उघडायला लावलं ते फक्त "जीभ दाखवा" म्हणून. काय खाता, कसं चावता, हे कुणी विचारलं नाही. आणि फुफीच्या बाजूनं पाहिलं तर तिनं सांगावं तरी का? दात ही सांगायची गोष्ट आहे असं तिलाही वाटत नव्हतं. ती लग्नाकार्यालाही जाईना. गेली तर ओढणी तोंडावर धरून बसायची. लोकांना वाटायचं, पर्द्याची फार पक्की झाली आहे.

खरं कारण तिनं मला फार उशिरा सांगितलं. एक दहा वर्षांची मुलगी सूरह कौसर म्हणून दाखवत होती. मुलीचे दात मोत्यासारखे, सगळे जागच्या जागी. पण "कौसर"मधला "से" तिच्या तोंडून फुस्स करून, हवा गळाल्यासारखा निघाला. फुफीनं दुसरीला म्हणायला लावलं. तिचंही तेच. मग तिच्या ध्यानात आलं की या मुली चुकत नाहीत. त्या तिचीच नक्कल करताहेत. उस्तानी म्हणते तसं म्हणताहेत. "मेरा बोळका मुँह बच्च्यां के मुँह में चला गया गे," ती म्हणाली. "सूरह फातिहा में जाल एकच बार आता. वो एक बी मेरे से नहीं निकलता. मैं क्या पढाऊं?"

म्हणजे तिची तब्येत खरोखरच बिघडली होती. डॉक्टरांना जी सापडली नाही ती ही. खाणं गेलं म्हणून रक्त गेलं, हा भाग कागदावर येण्यासारखा होता. पण आयुष्यभर ज्या कामानं तिला घरात आणि मोहल्ल्यात जागा दिली होती ते काम चार दातांबरोबर गेलं, हा भाग कुठल्या रक्ततपासणीत दिसणार?

शिबिरात तिला आणलं तेव्हा तिनंही दोन्ही प्रश्नांना उत्तरं दिली. तब्येतीपुढं "फार वाईट". दातांपुढं म्हणाली, "जो है नहीं, उसकू क्या लिखना?" मी ती चौकट रिकामी सोडली.

उरलेले दात हलत होतेच. ते टप्प्याटप्प्यानं काढले, हिरड्या भरून यायला काही महिने थांबावं लागलं आणि २०१९ मध्ये पूर्ण कवळी बसली. कवळीच्या पैशांवरून घरात कुजबुज झाली, ती लपवण्यात अर्थ नाही. "या वयात कशाला?" हा प्रश्न बायकांच्या बाबतीत फार लवकर येतो. गुडघ्यासाठी, डोळ्यासाठी पैसे निघतात. दात म्हणजे हौस. माझ्या पेन्शनीतून निघाले म्हणून आवाज चढला नाही, इतकंच. पहिले पंधरा दिवस हिरडीला जखमा झाल्या, घासून कमी करून घ्यायला दोन खेपा झाल्या. बोलताना शीळ वाजायची. डॉक्टर मुलीनं सांगितलं, "आजी, रोज मोठ्यानं वाचत जा, जीभ शिकेल." फुफीला यापेक्षा सोपं औषध कुणी दिलं नसेल. फजरनंतर ती भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं तिलावत करायची. दीड महिन्यानं "से" आला. "जाल" त्याच्याही नंतर. कडक भाकरी अजूनही जमत नाही, मऊ जमते. टॉनिकच्या बाटल्या कपाटात तशाच आहेत.

दात अंगापासून वेगळे पडले यात फुफीचा किंवा त्या तीन डॉक्टरांचा एकट्याचा दोष नाही. शिक्षणच वेगळं झालं. १८४० साली अमेरिकेत बाल्टिमोरला दंतवैद्यकाचं स्वतंत्र कॉलेज निघालं, आणि तेव्हापासून दात एका शाळेत, बाकीचा देह दुसऱ्या शाळेत. आपल्या देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढणारे डॉ. रफीउद्दीन अहमद. आपल्या वाचकांपैकी किती जणांना हे नाव माहीत असेल कोण जाणे. ढाक्याकडचा हा माणूस अमेरिकेत आयोवाला शिकला, परत आला आणि १९२० साली कलकत्त्यात त्यानं कॉलेज सुरू केलं. सुरुवातीचा खर्च त्यानं स्वतःच्या आइस्क्रीमच्या दुकानातून भागवला. दातांचं कॉलेज आइस्क्रीमवर चालावं, हा योग मला फार आवडतो. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. २४ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस देशात दंतवैद्यक दिन म्हणून पाळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात जगातल्या सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा काही ना काही आजार असल्याचं म्हटलं आहे. एवढी माणसं "दातांचं सोडा" म्हणत जगताहेत.

आपल्यात तर दातांना इबादतीशी जोडलेलं आहे. उम्मतीवर ओझं पडण्याची भीती नसती तर प्रत्येक नमाजाआधी मिस्वाक सक्तीची केली असती, या अर्थाची हदीस आपण मदरशाच्या पहिल्या वर्षापासून ऐकतो. अब्बांच्या खिशात पीलूची काडी असायची. संपली तर बाभळीची, कडुनिंबाची. त्यांचे दात शेवटपर्यंत चांगले होते. पण आता ती काडी अत्तराच्या दुकानातून घ्यायची चीज झाली आहे. वरच्या खिशात मिस्वाक आणि खालच्या खिशात पुडी, अशी माणसं मी वझूच्या हौदाकडं जाताना पाहते. चूळ भरण्याआधी पुडी थुंकतात, सलाम फेरला की पुन्हा तोंडात. रमजानमध्ये दिवसभर तोंड स्वच्छ आणि इफ्तारनंतर दिवसभराची भरपाई.

बायकांनी हसू नये. आपल्या घरात तव्यावर मशेरी भाजली जाते तेव्हा शेजारच्या घरातही ठसका लागतो. ती तंबाखू आहे असं कुणी मानत नाही, ते "दातांचं औषध" आहे. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. मशेरीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनी कमी भरलं. तोंडात लावलेली गोष्ट तोंडात थांबत नाही ती अशी. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरत होते. चौथा माणूस.

फुफीची तब्येत वाईट होती आणि ती तसं सांगत होती. माझे मामू याच्या अगदी उलट. ट्रक चालवायचे. अंगानं पहिलवान, साठीतही कांद्याची पोती उचलायचे. तब्येत विचारली की छातीवर हात मारायचे, "एकदम टकाटक." दिवसाला पंधरा-वीस पुड्या गुटखा. महाराष्ट्रात गुटख्यावर २००२ साली बंदी आली, २००४ मध्ये ती सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०१२ साली पुन्हा आली. मामूंना या तिन्ही तारखा कळल्या त्या फक्त पुडीच्या भावावरून. त्यांचं तोंड हळूहळू मिटत होतं. सुपारीनं गालाच्या आतली कातडी दोरीसारखी ताठ होते, तिखट सोसत नाही, घास लहान करावा लागतो. हे सगळं वर्षानुवर्षं चालतं आणि दुखत नाही. मामू म्हणायचे, "तिखा नहीं खाना, ये तो अच्छीच बात है." २०१४ साली गालात पांढरा चट्टा, मग जखम. ती जखम भरेना तेव्हा बार्शीला नेलं. बार्शीत १९८७ पासून गावोगावच्या कॅन्सरची नोंद ठेवतात, ग्रामीण भागातली देशातली ती पहिली नोंदणी. मामू त्या वहीत एक ओळ झाले असतील. २०१६ च्या बकरी ईदच्या आधी गेले. ऑपरेशननंतर बोलता येत नव्हतं तरी भेटायला येणाऱ्याला अंगठा वर करून दाखवायचे, तब्येत ठीक.

त्यांचा मुलगा रिक्षा चालवतो, चाळिशीचा आहे. बापाच्या मयतीच्या दिवशी त्यानं पुडी सोडली आणि चाळिसाव्याआधी पुन्हा धरली. आता दीड वर्षापासून बंद आहे. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, ताठलेली कातडी पहिल्यासारखी होणार नाही, पण आहे तेवढं तोंड राखता येईल. त्यासाठी त्याला आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दिल्या आहेत. दातांमध्ये गड्डी धरायची, काही दिवसांनी एक काडी वाढवायची. रिक्षा थांब्यावर उभी असली की तो हे करत बसतो, पोरं हसतात. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जातात, हे त्याला पाठ झालं आहे.

मी त्याला भेटले की तब्येत विचारत नाही. तोच समोर उभा राहून उजव्या हाताची तीन बोटं जुळवतो आणि तोंडात घालून दाखवतो. मार्चमध्ये दोन जात होती. मागच्या शुक्रवारी तिसरं निम्मं गेलं. पण डाव्या गालात आत एक पांढरा ठिपका आहे, तो त्यानं स्वतःच मोबाईलच्या उजेडात पाहिला आणि स्वतःच येऊन मला सांगितलं. "आपा, दुखता नहीं है," तो म्हणाला, "इसलिएच आया." मंगळवारी बार्शीचा नंबर लावला आहे. फुफी म्हणते, मीही येते, माझी कवळी दाखवायची आहे.